मुस्तफा, जगताप आणि खाडीपलीकडचं भविष्य

१९७४ साली तुम्ही वाशीला उतरता, तेव्हा तिथे उतरण्यासारखं फारसं काही नाही. खाडीवरचा पूल खुला होऊन जेमतेम वर्ष झालंय. मागे मानखुर्द, पुढे चिखल, खारफुटी, मिठागरं आणि मधेच सिमेंटच्या गोण्यांचे ढीग. वाशीगाव आणि जुहूगाव आपापल्या जागी आहेत. दारात जाळी वाळताहेत, ओट्यावर बाया मासळी निवडताहेत. रस्त्यांना नावं नाहीत, पण नकाशावर सेक्टरांचे आकडे पडलेत.

तो नकाशा कुठून आला हे बघायचं तर आणखी नऊ वर्षं मागे चला. १९६५. ‘मार्ग’ नावाच्या इंग्रजी नियतकालिकात चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी एक मत मांडलंय. मुंबई उत्तरेकडे ताणत नेऊन भागणार नाही, खाडी ओलांडून पूर्वेला नवं शहर वसवा, असं ते मत. सरकारने मागवलेलं नव्हे, स्वतःहून मांडलेलं. तुम्ही पानं उलटता. आजच्या माणसाला त्यातली हिंमत चटकन जाणवते, कारण पुढे काय झालं ते आपल्याला ठाऊक आहे. १७ मार्च १९७० ला हे शहर उभारण्यासाठी सिडको स्थापन होते, ठाणे, पनवेल आणि उरण तालुक्यांतली ९५ गावं आणि ३४४ चौरस किलोमीटरचा टापू आखला जातो. ‘समजा, असं केलं तर?’ या प्रश्नापासून विज्ञानकथा सुरू होते. हे शहरही तिथूनच सुरू झालं. म्हणून विज्ञानकथा, गेम आणि यंत्रं यांविषयी लोक आपसात काय बोलतात ते ऐकायला मी तुम्हाला इथे आणलंय. भविष्याबद्दल मत मांडणं हा रिकामटेकड्यांचा उद्योग नाही, हे इथल्या मातीला पुरतं माहीत आहे.

पुन्हा १९७४. यावेळी पूल ओलांडून मुंबईकडे. कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत एक खगोलशास्त्रज्ञ आहेत; केंब्रिजहून परतून त्यांना दोनेक वर्षं झालीत. मराठी विज्ञान परिषदेने विज्ञानकथा स्पर्धा जाहीर केली आहे. अहमदाबादच्या एका परिसंवादात रटाळ व्याख्यान चालू असताना या गृहस्थांनी समोरच्या कागदावर कथा लिहायला घेतली. आता ती पुरी झालीय, पण पाठवायची कशी हा पेच आहे. नाव बघून परीक्षक दबतील, किंवा नावामुळेच बक्षीस दिलं असं लोक म्हणतील. जयंत विष्णु नारळीकर मग आपली आद्याक्षरं उलटी फिरवतात आणि ‘नारायण विनायक जगताप’ होतात. तेवढ्यावर भागत नाही, अक्षरही ओळखू येईल. म्हणून गणितज्ञ मंगला नारळीकर ती कथा स्वतःच्या हाताने उतरवून काढतात. तुम्ही त्यांच्या खांद्यावरून वाकून बघू शकता. शीर्षक आहे ‘कृष्णविवर’.

परीक्षकांसमोर गठ्ठा पडतो तेव्हा जगताप कोण हे कुणालाच माहीत नाही. कथा वाचली जाते आणि पहिलं बक्षीस मिळवते. मला हा प्रसंग नुसता गमतीचा वाटत नाही. आपलं म्हणणं आपल्या नावापासून सोडवून अनोळखी माणसांपुढे ठेवायचं आणि ते स्वतःच्या पायावर उभं राहतं का ते पाहायचं, हा शास्त्रज्ञाच्या प्रामाणिकपणाचा भाग होता. पुढे तीस वर्षांनी नेरूळ-ऐरोलीची पोरं टोपणनावं घेऊन एकमेकांशी भांडणार आहेत, त्यांचे एक थोर पूर्वज इथे बसलेत.

पुढच्या वर्षी, १९७५ च्या डिसेंबरात, कराडला चला. आणीबाणी आहे. मराठी साहित्य संमेलनाच्या अध्यक्षा दुर्गाबाई भागवत, स्वागताध्यक्ष यशवंतराव चव्हाण. दुर्गाबाई लेखनस्वातंत्र्यावर ठाम बोलतात आणि आजारी जयप्रकाशांना आराम पडावा म्हणून मंडपाला प्रार्थना करायला लावतात. त्याच अध्यक्षा मराठीत नव्याने येऊ घातलेल्या विज्ञानकथेचीही दखल घेतात. बोलण्याचा हक्क आणि उद्याची कल्पना करण्याचा हक्क एकाच व्यासपीठावर आले, ही गोष्ट आपण पुरेशी आठवत नाही.

आता वर्षं भरभर उलटू द्या. १९७९ मध्ये ‘यक्षांची देणगी’ पुस्तकरूपाने येतं. वाशीत सिडकोच्या वसाहतींत लोक राहायला आलेत. कुणी बँकेत, कुणी तुर्भे-रबाळेच्या कारखान्यांत, कुणी अजून रोज पुलावरून मुंबईला जाणारे. अशाच एका घराच्या बाल्कनीत बसा. दोन शेजारी पुस्तक मधे ठेवून वाद घालताहेत.

“अहो जोशी, ही गोष्ट कुठे आहे? हा भौतिकशास्त्राचा तास आहे. माणसं कुठायत यात?”

“माणसं हवीत तर कादंबऱ्या पडल्यात ढिगाने. यातून शास्त्र काढा बघू. गोष्ट उरते का? नाही ना? मग शास्त्र हेच यातलं पात्र.”

“धारप वाचा तुम्ही. ‘नेनचिम’ वाचा. रात्री झोप येत नाही.”

“झोप उडवणं वेगळं आणि डोळे उघडणं वेगळं!”

जोशी ज्या कसोटीबद्दल बोलताहेत ती नारळीकरांच्या आग्रहाला धरून आहे: विज्ञान हे कथेच्या अंगावरचं लेणं नको, ते काढलं तर कथा कोसळली पाहिजे. मला ही कसोटी मान्य आहे, पण पुरी नाही. नारायण धारपांनी मराठी वाचकाला अज्ञाताची चटक लावली. ती लागली नसती तर कृष्णविवराच्या काठापर्यंत यायला किती जण तयार झाले असते? भा. रा. भागवतांनी ज्यूल व्हर्न मराठी मुलांच्या हातात दिला नसता तर मोठेपणी हे वाद घालणारी पिढीच आली नसती. दोघेही शेजारी बरोबर आहेत, आणि चहा निवला तरी उठत नाहीत ही त्यातली सगळ्यात चांगली गोष्ट.

असे वाद विज्ञानकथेच्या जन्मापासून तिच्या सोबत आहेत. १९२६ मध्ये न्यूयॉर्कहून ह्यूगो गर्न्सबॅकने ‘अमेझिंग स्टोरीज’ मासिक सुरू केलं. त्यात वाचकांची पत्रं छापताना तो पत्तेही छापायचा. मग वाचक संपादकाला सोडून एकमेकांनाच लिहू लागले, भेटू लागले आणि मंडळं काढू लागले. म्हणजे हा साहित्यप्रकार लेखकांनी जितका घडवला तितकाच मत देणाऱ्यांनी. आपल्याकडे ‘नवल’सारख्या मासिकांच्या आणि दिवाळी अंकांच्या वाचकांनी तेच केलं, फक्त पोस्टकार्डावर.

नारळीकरांची एक कथा मी तुम्हाला खास वाचायला सांगेन, कारण तुमच्या या प्रवासाशी तिचं नातं आहे. गंगाधरपंत नावाचा इतिहासाचा प्राध्यापक अपघातानंतर अशा जगात जातो जिथे पानिपतावर मराठे जिंकलेत. विश्वासरावांना लागायची ती गोळी चुकली, एवढाच फरक. ही कथा आज देशभरात अकरावीच्या इंग्रजीच्या पुस्तकात वाचली जाते. एका गोळीने दिशा बदलू शकते, तर एका निर्णयाने, एका नकाशाने, न विचारलेल्या एका प्रश्नाने किती बदलत असेल?

तो प्रश्न मनात ठेवून जानेवारी १९८४ मध्ये या. उरण तालुक्यात जासईजवळ, दास्तान फाटा. १६ आणि १७ तारीख. ज्या शेतांवर आणि मिठागरांवर नवं शहर आखलं गेलं, त्यांचे मालक आणि कुळं रस्त्यावर उतरली आहेत. पुढे दि. बा. पाटील. मागणी साधी आहे: आमच्या जमिनीवर उद्याचं शहर उभं राहतंय, त्या उद्यात आमचा वाटा किती? या दोन दिवसांत इथे आणि आसपास पोलिसांच्या गोळीबारात पाच जण मरतात. तुम्ही तिथे उभे आहात आणि काही करू शकत नाही. मागच्या काळात गेलेल्या माणसाची हीच सगळ्यात मोठी शिक्षा. या लढ्यातूनच पुढे साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याचं धोरण येतं.

तंत्रज्ञानावरच्या लेखात हे कशाला, असं कुणाला वाटेल. मला वाटतं, हाच या लेखाचा गाभा. नवं शहर हे तंत्रज्ञानच होतं. पूल, पंप, भराव, धारण तलाव, रेल्वे. १९६५ मध्ये त्याच्याबद्दल मत मांडायला ज्यांच्यापाशी इंग्रजी नियतकालिक होतं त्यांचं मत ऐकलं गेलं. कोरिया, मेहता, पटेल यांचा हेतू चांगला होता आणि त्यांची दृष्टी मोठी होती, याबद्दल मला शंका नाही. पण ९५ गावांतल्या माणसांना ‘समजा असं केलं तर?’ हा प्रश्न त्यांच्या भाषेत, आधी, कुणी विचारला नाही. त्यांचं मत छापील पानावर आलं नाही म्हणून ते फाट्यावर आलं.

चला, दहा वर्षं पुढे. १९९२ मध्ये लोकल मानखुर्दहून खाडी ओलांडून वाशीला आलीय. आता १९९४ ची मे महिन्याची दुपार आहे. सेक्टरच्या बाजारात झेरॉक्सच्या दुकानाशेजारी पडदा लावलेली एक खोली. आत ट्यूबलाइट बंद, चार मशिनं चालू, पोरांच्या घामाचा वास. तुम्ही गल्ल्यावर पैसे देऊन टोकन घेता. सगळ्यात जास्त गर्दी एका मशिनभोवती आहे.

“मुस्तफा घे, मुस्तफा! त्याची किक लय भारी.”

“ए, मुस्तफा माझा आहे. तू हॅना घे.”

“हट्, पोरगी कोण घेणार?”

हा गेम जपानच्या कॅपकॉमने १९९३ मध्ये काढला. त्याचं खरं नाव ‘कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स’, पण ते इथे कुणाला सांगायला जाऊ नका. पिवळ्या टोपीतल्या एका गड्याच्या नावावर पोरांनी अख्खा गेम करून टाकलाय. खाडीच्या अलीकडे आणि पलीकडे, सगळ्या देशात, तो ‘मुस्तफा’च आहे. पोरांनी दिलेलं हे पहिलं सामुदायिक मत: निर्मात्याने काहीही म्हणो, या खेळाचा नायक आम्ही ठरवू.

आणि एक गोष्ट त्या खोलीत कुणालाच माहीत नाही. हा गेम मार्क शुल्ट्झ या अमेरिकी चित्रकाराच्या कॉमिकवरून बेतलाय. माणसाने पृथ्वीची वाट लावल्यानंतर, शेकडो वर्षांनी, डायनोसॉर परतलेत आणि काही टोळ्या त्यांची चोरटी शिकार करताहेत. खेळणाऱ्याने त्या शिकाऱ्यांना थांबवायचंय. म्हणजे टोकन टाकून वाशीची पोरं पर्यावरणावरची विज्ञानकथा खेळताहेत. त्याच वर्षी हिंदीत बोलणारा ‘जुरासिक पार्क’ थिएटरात लागलाय. बाल्कनीतले जोशी इथे येऊन पाच मिनिटं बसले असते, तर त्यांना कळलं असतं की वाद संपलेला नाही, फक्त पडद्यामागच्या खोलीत गेलाय. पण जोशी येत नाहीत. या खोलीबद्दल घराघरात एकच मत आहे: पोरं वाया चाललीत. या पोरांना कुणीही विचारत नाही की गोष्ट काय आहे, शिकारी कोण आहेत, डायनोसॉर मेला की वाईट का वाटतं. मराठी समीक्षेने इथे आत डोकावायला हवं होतं. तिने दार लावून घेतलं, आणि ती अनास्था अजून पुरती सरलेली नाही.

घरी आलात तर टीव्हीला जोडलेला नकली निन्टेंडो. कॅसेट चालत नसली की ती काढून तिच्यात फुंकर मारायची, हे शास्त्र प्रत्येकाला ठाऊक. ‘कॉन्ट्रा’त तीस लाइफ मिळवायची युक्तीही ठाऊक: वर वर, खाली खाली, डावं उजवं, डावं उजवं, बी, ए. कोनामी कंपनीच्या काझुहिसा हाशिमोतो या प्रोग्रामरने ‘ग्रेडियस’ हा गेम तपासताना तो स्वतःलाच जमेना म्हणून ही चोरवाट ठेवली होती. ती जपानमधून निघाली आणि नेरूळच्या जिन्यापर्यंत पोहोचली. मधे एकही छापील पान नव्हतं, मराठीत तर नव्हतंच. एका पोराने दुसऱ्याला सांगितलं, बस. ज्ञान पसरवायची भूक या पोरांना होती. त्यांच्यासाठी जागा कुणी केली नव्हती.

जागा होते ती अचानक. १५ ऑगस्ट १९९५ ला विदेश संचार निगम मुंबईसह चार महानगरांत इंटरनेट सामान्यांसाठी खुलं करतं. पुढच्या वर्षी अमेरिकेतल्या मराठी माणसांतून ‘मायबोली’ सुरू होतं. वाशीच्या पोरांपर्यंत ते यायला सायबर कॅफे यावा लागतो. २००३ मध्ये या. लाकडी फळ्यांनी पाडलेले खोपटाएवढे कप्पे, तासावर पैसे. एका कप्प्यात इंजिनीअरिंगची एक विद्यार्थिनी बसलीय. तिने ‘मेट्रिक्स’ पाहिलाय आणि तिला मराठीत लिहायचंय की हा सिनेमा आपल्या मायेच्या कल्पनेशी कुठे जुळतो आणि कुठे अजिबात जुळत नाही. तिचं मत तयार आहे. पण मशीनवर मराठी नाही. एका मशीनवर ‘शिवाजी’ फॉन्टमध्ये लिहिलेलं दुसऱ्या मशीनवर तो फॉन्ट नसला की रोमन अक्षरांचा कचरा होऊन दिसतं. देवनागरी युनिकोडमध्ये १९९१ पासून आहे, पण कॅफेतल्या जुन्या विंडोजला त्याचा पत्ता नाही. ती शेवटी रोमन लिपीतच मराठी लिहायला घेते. तीन ओळींनंतर दमते आणि इंग्रजीत शिरते.

तिच्या शेजारी बसून बघा. इंग्रजीत तिचं मत आखूड होतं. मायेबद्दल तिला आजीने सांगितलेलं त्या भाषेत येत नाही; ती ते वगळते आणि कुठेतरी वाचलेलं लिहिते. एका पिढीची कितीतरी मतं अशी लिहिता लिहिता दुसऱ्याची झाली असतील. ती बुद्धीने कमी नव्हती. मराठी माणूस तंत्रज्ञानावर लिहीत नाही असं जे म्हटलं जातं, त्याचं कारण मला आळसापेक्षा या कप्प्यात जास्त दिसतं. मराठी टंकायला सोपं होताच लोक किती भडाभडा लिहू लागले ते आपण पाहिलंच.

पलीकडच्या कप्प्यांत आरडाओरडा चाललाय. ‘काउंटर स्ट्राइक’, डस्ट टू. “कॅम्प नको करू रे!” पाच जण एका बाजूने, पाच दुसऱ्या. पडद्यावर एकाचंही खरं नाव नाही. इथे आगरी पोरगा आहे, तमिळ आहे, सानपाड्याचा सरदार आहे, माथाडी कामगाराचा मुलगा आहे. पण पडद्यावर फक्त टोपणनाव आणि नेम. जगतापांच्या कथेसारखंच: आधी खेळ दाखव, मग कोण ते बघू. नव्या शहराच्या नकाशाने सगळ्या थरांना एकत्र आणायचं स्वप्न पाहिलं होतं. बेलापूरच्या आर्टिस्ट्स व्हिलेजमध्ये कोरियांनी लहानमोठ्या उत्पन्नाच्या घरांना जवळजवळ सारख्याच मापाच्या भूखंडांवर अंगणाभोवती बसवून त्याचा प्रयत्नही केला. त्या स्वप्नाचा एक तुकडा या कोंदट कॅफेत खरा झालेला मी तुम्हाला दाखवतोय. चुकलेल्या नेमावरून इथे शिव्याही तितक्याच निघतात, मुलींना या खेळात शिरायची चोरी आहे, हेही बघून घ्या.

२०१६. सप्टेंबरात जिओ येतं, ज्याचा कारभार घणसोलीच्या आवारातून चालतो. डेटा स्वस्त होतो आणि कप्पे ओस पडतात. खेळ आणि मत दोन्ही खिशात येतात. २०१८ पासून कळंबोलीच्या बिल्डिंगखाली पोरं रात्री पबजी खेळत ओळीने बसलीत, कानात इअरफोन, “रिव्हाइव्ह दे, रिव्हाइव्ह दे! पोचिंकीत नको उतरू!” रशियन वाटणारं हे काल्पनिक गाव त्यांना तोंडपाठ आहे. २ सप्टेंबर २०२० ला सरकार ११८ ॲपवर बंदी घालतं, त्यात पबजीही जातं. टाळेबंदीत घरात कोंडलेल्या पोरांचा हाच कट्टा होता. त्या रात्री जी मतं वाहू लागली ती नुसती कुरकुर नव्हती. आपला डेटा कुठे जातो? कंपनी कोरियाची की चीनची? सरकार कशावरून ठरवतं? सोळा वर्षांची पोरं डेटाच्या सार्वभौमत्वावर भांडत होती, मराठी-हिंदीची सरमिसळ करून, आणि बहुतेक घरांत त्यांना ऐकू आलं ते एवढंच: “बरं झालं, बंद झालं.”

त्याच वर्षी पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने ‘राजी’ काढला. सर्कशीत कसरती करणारी मुलगी, हरवलेला भाऊ गोलू, राजस्थानी वाडे, दुर्गा आणि विष्णू. जगातल्या मोठ्या पुरस्कारांत पदार्पणाच्या खेळांच्या नामांकनात तो पोहोचला. पण मराठीत त्याच्यावर खोलात जाऊन लिहिलेलं किती सापडतं? पुण्यात घडलेली कलाकृती, आणि पुण्या-मुंबईच्या पुरवण्यांत तिची बातमी झाली, समीक्षा क्वचितच. सिनेमाची गाणी, नाटकाचं नेपथ्य यांवर कॉलम भरतात. या खेळातला उजेड, चाल, देवांचा वापर यावर बोलायला आपण अजून संकोचतो. हा संकोच मला टोचतो.

२०२५ मध्ये या आणि मुक्काम ठोका. २० मे ला पुण्यात नारळीकर गेले. त्या दिवशी पडद्यांवर जे उमटलं ते आदरांजलीच्या साच्यातलं नव्हतं. कुणी सांगत होतं की ‘प्रेषित’ वाचून भौतिकशास्त्राला गेलो, कुणी की ‘वामन परत न आला’ वाचून संगणकाची भीती वाटली आणि मग तोच शिकलो. ऑगस्टमध्ये ऑनलाइन गेमिंगचा कायदा आला, पैशांच्या खेळांवर बंदी आणि ई-स्पोर्ट्सना मान्यता. त्यावरही वाद. आणि एक नवी शंका सगळ्या वादांत शिरलीय: समोरचं मत माणसाने लिहिलंय की यंत्राने? १९७४ मध्ये स्वतःला लपवायला बायकोचं अक्षर घ्यावं लागलं. आता मागे माणूस आहे हे पटवून द्यावं लागतं. टोपणनावावर माझा राग नाही. टोपणनावामागे वाचलेलं, खेळलेलं, खटकलेलं काहीतरी असावं एवढीच अपेक्षा.

ही सगळी मतं राहतात कुठे? आकाशात नाही. महापे, ऐरोली, रबाळे, पनवेल इथे डेटा सेंटरच्या मोठाल्या इमारती उभ्या आहेत, खिडक्या नसलेल्या, दिवसरात्र थंड ठेवलेल्या. समुद्राखालून मुंबईत येणाऱ्या केबल जवळ, एमआयडीसीची जमीन आणि वीज हाताशी, म्हणून त्या इथे आल्या. देशातल्या अशा केंद्रांचा मोठा वाटा या पट्ट्यात आहे. पबजीवरचं भांडण, नारळीकरांच्या आठवणी, तुमचा कालचा शेरा, यांतलं कितीतरी तशाच मातीवर ठेवलंय जिच्यात वाटा मागत दास्तान फाट्यावर माणसं उभी राहिली होती. त्यांची नातवंडं आज तिथे तंत्रज्ञ आहेत, पहारेकरी आहेत, कँटीनवाले आहेत. नवी मुंबईच्या विमानतळाला दि. बां.चं नाव हवं म्हणून २४ जून २०२१ ला बेलापूरच्या सिडको भवनावर लोटलेल्या गर्दीतही ती होती, आणि त्या वेळी मोर्चाची हाक फोनवरून फिरली. यावेळी त्यांचं मत छापायला कुणाच्या परवानगीची गरज नव्हती. डेटा सेंटरला किती पाणी लागतं, किती वीज, शेजारच्या गावाला काय मिळतं, हे प्रश्न आता त्यांनीच विचारायचेत, आणि तंत्रज्ञानावर लिहिणाऱ्या प्रत्येक मराठी माणसाने त्यांच्यासोबत.

आता करावे गावातल्या एका घरात या. दुसऱ्या मजल्यावर कॉलेजात जाणारी एक मुलगी फोनवर देवनागरीत लिहितेय, सहज, बोटं न अडखळता. ‘राजी’ तिने दोनदा पुरा खेळलाय. तिला तो आवडलाय आणि तिची तक्रारही आहे: राजस्थानचे वाडे सुंदर, पण आमची खाडी कधी दिसणार? मग तिने खेळाची एक कल्पना मांडलीय. नायिका आगरी मुलगी. काळ १९७० नंतरचा. भरावाचे डंपर येताहेत, मिठागर बुजतंय, आजोबांचं खाजण कुठे होतं ते शोधत एकेक पातळी पार करायची. प्रत्येक पातळीवर नकाशातला एक सेक्टर पुसला जातो आणि त्याखालचं गावाचं जुनं नाव वर येतं.

तुम्ही तिच्या मागे उभे राहून वाचताय तोवर पहिलं उत्तर येतं. टोपणनावावरून वय कळत नाही, पण दिवाळ्याचा कोळी असावा. त्याने कौतुकात वेळ घालवलेला नाही. त्याने लिहिलंय: कल्पना चांगली, पण तुझ्या खेळात पाणी सारखंच चढतंय-उतरतंय, ते चूक. भरती रोज पाऊण-एक तास उशिरा येते. पुनवेला-अमावास्येला उधाण, अष्टमीच्या आसपास भांग. भांगाला पाणी बांधापर्यंत पोहोचत नाही, तेव्हा उघाडीखालून पलीकडे जाता येतं. उधाणाला गेलीस तर बुडशील. हे धरून पातळ्या कर, म्हणजे खेळणाऱ्याला तिथी बघावी लागेल.

ती काही क्षण थांबते, आणि खाली विचारते: मग निवट्या दिसतात त्या कुठल्या पाण्याला?